घरचा पंचनामा

आमच्या अष्टागरात मुलगा किंवा मुलगी बी. एस्सी. झाली, की पुढचे रस्ते ठरलेले असतात. पहिला रस्ता बी. एड. चा, म्हणजे मास्तरकीचा. दुसरा थळच्या खतकारखान्याच्या दिशेने जातो. तिसरा मांडव्याला लाँचमध्ये चढतो, गेटवेला उतरतो आणि मुंबईच्या गर्दीत नाहीसा होतो. चौथा हल्लीच निघाला आहे. त्याला 'होम-स्टे' म्हणतात. म्हणजे वाडीतल्या चार सुपाऱ्या तोडायच्या, दोन खोल्या बांधायच्या, आणि शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना आपल्या ओटीवर बसवून आपण मागल्या पडवीत बसायचे. हे चारही रस्ते इतके मळलेले आहेत, की डोळे मिटून चाललात तरी पोचाल.

आमच्या पुतणीने पाचवाच रस्ता काढला. तिला घरात सगळे 'बाय' म्हणतात. शाळेच्या दाखल्यावर तिला चांगले तीन अक्षरी नाव आहे, पण ते दाखल्यावरच. एका संध्याकाळी बाय ओटीवर येऊन म्हणाली, "काका, मला फॉरेन्सिक सायन्समध्ये एम. एस्सी. करायचंय. बाबांना तुम्ही सांगा."

आमच्या घरात कुठलीही स्फोटक बातमी दादांपर्यंत पोचवण्याचे काम माझ्याकडे असते. मी चौतीस वर्षे शाळेत मराठी शिकवले, तेव्हा वाईट बातमीसुद्धा मी शुद्ध भाषेत सांगतो असा घरच्यांचा विश्वास आहे. पण इथे बातमी राहिली बाजूला, शब्दापाशीच गाडी अडली. आईला त्यातला 'फॉरेन' तेवढा ऐकू आला. "एवढ्या लांब कशाला पाठवता पोरीला?" म्हणून तिने डोळ्याला पदर लावला. मी म्हटले, मराठीत सांगू. सरकारने या शास्त्राला 'न्यायसहायक विज्ञान' असे भरभक्कम नाव दिले आहे. ते ऐकून दादांना वाटले, की नाझर, बेलीफ, शिरस्तेदार तशीच 'न्यायसहायक' ही कोर्टातली एखादी जागा असावी. "पर्मनंट आहे का?" त्यांनी विचारले.

शेजारचे नाना मदतीला धावले. नानांचा एक मेहुणा पोलिसखात्यात हवालदार होता, त्यामुळे नाना स्वतःला अर्धे पोलीस समजतात. "अरे, ती सी. ए. रिपोर्टवाली मंडळी!" नाना म्हणाले. आता हे खरे आहे. आपल्याकडे पोलीस आणि कोर्ट 'केमिकल अनालायझर'च्या अहवालाला सी. ए. रिपोर्टच म्हणतात. पण सकाळपर्यंत आळीत बातमी पसरली, की आमची बाय सी. ए. होणार. दोन दुकानदारांनी आपल्या वह्या तपासायला कधी पाठवू, म्हणून विचारलेसुद्धा.

शेवटी दादांना विषय समजला तो टीव्हीमुळे. 'सी. आय. डी.' नावाची मालिका १९९८ साली सुरू झाली आणि ती बघत महाराष्ट्राची एक पिढी जेवली. त्यात दया दार तोडतो आणि डॉक्टर साळुंखे प्रयोगशाळेत कसल्याशा रंगीत पाण्याकडे बघून गुन्हा उलगडतात. "म्हणजे तो साळुंखे करतो ते?" दादांनी विचारले. बाय म्हणाली, "तेच, फक्त तिथे तासाभरात होतं त्याला खऱ्या लॅबमध्ये महिने लागतात."

"आणि साळुंखे काय करतो? मुडद्याशेजारी उभा राहतो," दादा म्हणाले. "माझी मुलगी मुडद्याशेजारी उभी राहणार नाही." एवढे बोलून ते वाडीला पाणी लावायला गेले. दादांचा नकार असाच असतो. नकार देतात आणि पंप सुरू करतात, म्हणजे पुढचे कोणाचे ऐकू येत नाही.

घरातल्या बायकांना मात्र बायने वेगळ्या वाटेने गाठले. एडमंड लोकार नावाच्या फ्रेंच माणसाने १९१० साली लियाँ शहरात पोलिसांसाठी एक छोटी प्रयोगशाळा काढली. त्याचे म्हणणे असे, की दोन वस्तू एकमेकींना लागल्या, की हिचे काहीतरी तिला आणि तिचे काहीतरी हिला चिकटतेच. गुन्हेगार काहीतरी ठेवून जातो आणि काहीतरी घेऊन जातो. हे ऐकून वहिनी म्हणाल्या, "यात नवीन काय सांगितलं त्यानं? म्हणून तर सोमवारी मासळीचा हात देवघराला लावू देत नाही तुझी आजी." आईने मान डोलावली. लोकारसाहेबाला आमच्या स्वयंपाकघरातून ताबडतोब मान्यता मिळाली.

ती फार दिवस टिकली नाही. माणूस मरून किती वेळ झाला हे माश्यांच्या अळ्यांवरून सांगता येते, हे बायने वाचले होते. तेव्हा तिने आक्षीच्या किनाऱ्यावरून एक न सुकलेला बांगडा आणून मागल्या पडवीत बरणीत ठेवला आणि त्यावर माशी केव्हा बसली, अंडी केव्हा घातली, अळी केव्हा झाली याची वहीत तारीखवार नोंद सुरू केली. तिसऱ्या दिवशी वहिनींनी बरणी, बांगडा आणि वही एकाच फेकीत कुंपणापलीकडे घालवली. वही शोधायला बायला संध्याकाळ लागली. विज्ञानाचा मार्ग खडतर असतो तो असा.

पण खरी गाठ पडली ती डायटमवरून. बाय वनस्पतिशास्त्राची. पाण्यात डोळ्यांना न दिसणारी काचेच्या कवचाची शेवाळे असतात, त्यांना डायटम म्हणतात. खाडीतली वेगळी, विहिरीतली वेगळी, समुद्रातली वेगळी. जिवंत माणूस बुडाला, तर त्याने आत ओढलेल्या पाण्याबरोबर ती फुफ्फुसातून रक्तात आणि रक्तातून हाडांच्या मगजापर्यंत जाऊ शकतात. आधी मारून मग पाण्यात टाकला असेल, तर रक्तच वाहत नाही, जातील कशी? हे सगळे बाय जेवताना सांगत होती. मी कोलंबीची वाटी हळूच बाजूला सारली. दादांनी ताटावर हात धुतला.

"पोरीच्या जातीनं हे बोलू नये," ते म्हणाले.

"बाबा," बाय म्हणाली, "तुम्ही आजवर किती काढलेत?"

हा प्रश्न आमच्या घरात कोणी कधी विचारला नव्हता. दर पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यावर पाहुणे येतात, खवळलेल्या समुद्राला नाक्यावरचा तरणतलाव समजतात, आणि कोणीतरी ओरडत येते. मग गावातली जी चार माणसे दोर आणि ट्यूब घेऊन धावतात, त्यांत दादा गेली तीस वर्षे आहेत. काही जिवंत काढले. काही दुसऱ्या दिवशी ओहोटीला सापडले. त्यांच्याशेजारी पंचनामा होईपर्यंत दादाच उभे असत, अंगावरचा टॉवेल त्यांच्यावर घालून.

दादा उठले. पंप सुरू झाला नाही.

मी हे अनुकूल लक्षण मानले आणि चौकशीला लागलो. या विषयाचे शिक्षण आपल्या देशात पहिल्यांदा विद्यापीठात आले ते मध्य प्रदेशातल्या सागर इथे, १९५९ साली. आई म्हणाली, "सागर इथे दारात असताना त्या सागराला कशाला जायचं?" त्या सागरला समुद्र नाही, एक तलाव आहे, हे मी सांगितले नाही, निष्कारण गावाची अब्रू गेली असती. गुजरातने २००८ साली गांधीनगरला याचे स्वतंत्र विद्यापीठच काढले आणि २०२० साली ते राष्ट्रीय झाले. हत्यारे, विषे, हस्ताक्षरे, संगणक, जे म्हणाल ते तिथे शिकवतात. आपल्या सरकारनेही २००९ साली मुंबईत न्यायसहायक विज्ञान संस्था काढली, नागपूरला आणि औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला काढली. नोकरीचे काय, हा दादांचा प्रश्न वहिनींच्या तोंडून आला. त्याला कायद्याने उत्तर दिले. १ जुलै २०२४ पासून जी नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा केलाच पाहिजे असे म्हटले आहे. राज्यांना तयारीला पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. म्हणजे माणसे लागणार.

"आपल्याकडे गुन्हे होतात कुठे?" वहिनी म्हणाल्या. मी त्यांना हरिहरेश्वरच्या होडीची आठवण करून दिली. १८ ऑगस्ट २०२२ ला तिथल्या किनाऱ्याजवळ 'लेडी हान' नावाची माणूस नसलेली होडी सापडली. आत तीन एके-४७ रायफली आणि गोळ्या. दहीहंडीच्या आदल्या दिवशी! त्या दिवशी रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत प्रत्येक चहाच्या टपरीवर एक तपासअधिकारी बसला होता. नानांनी तर होडी कोणत्या देशातून आली हे तिच्या रंगावरून ओळखले होते. पुढे कळले, की होडी एका ऑस्ट्रेलियन बाईची, मस्कतहून युरोपला निघालेली. जूनमध्ये इंजिन बंद पडले, माणसांना एका कोरियन युद्धनौकेने वाचवले आणि होडी एकटीच लाटांवर हेलकावत आमच्याकडे राहायला आली. नानांचा देश त्या यादीत कुठेच नव्हता. "तज्ज्ञ का लागतात ते कळलं?" मी विचारले. वहिनींनी नानांच्या घराकडे पाहिले आणि त्यांना ते कळले.

मग कागद सुरू झाले. खोटा कागद ओळखण्याचे शास्त्र शिकायचे, तर आधी आपण स्वतः खरे आहोत हे इतक्या कागदांनी सिद्ध करावे लागते, की अर्ज हीच अर्धी परीक्षा होते. त्यातल्या एका दाखल्याचे नावच 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास' असे आहे. आई चकित झाली. "हिच्या वयाबद्दल शंका येणं समजू शकते, दिसते लहान. पण राष्ट्रीयत्वाबद्दल कोणाला शंका आली? मागची विहीर माझ्या आजेसासऱ्यांनी खणलीय!" त्या विहिरीचा कागद होता. पण त्यावर 'जिल्हा कुलाबा' असे होते. एका कचेरीतल्या तरुण कारकुनाने तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "हे मुंबईचं कुलाबा ना? मग दाखला तिकडून काढा." आमच्या जिल्ह्याचे नाव १९८१ साली कुलाब्याचे रायगड झाले, हे त्या मुलाच्या जन्माआधीचे. मी त्याला जिल्ह्याचा इतिहास सरखेल कान्होजी आंग्र्यांपासून सांगायला घेतला. पाचव्या मिनिटाला त्याने शिक्का मारला. इतिहासाचा व्यावहारिक उपयोग काय, असे मला विद्यार्थी नेहमी विचारत.

दुसरा कागद 'गॅप'चा. बी. एस्सी. नंतर बायचे एक वर्ष रिकामे दिसत होते. त्या वर्षात मी काहीही शिकले नाही, अशी शपथ घ्यायची असते. आई वाडीत शेवाळलेल्या पायरीवरून घसरून खुबा मोडून पडली, ते हे वर्ष. बायने तिला उठवले, बसवले, न्हाऊ घातले, काठीवर चालायला शिकवले आणि रात्री तिच्या खाटेजवळ बसून पुस्तके वाचली. याला सरकारदरबारी खंड म्हणतात. शंभराच्या कागदावर तो खंड छापून घेताना बाय हसत होती. आईने विचारले, "काय लिहिलंय?" बाय म्हणाली, "आजी, मी वर्षभर काही केलं नाही असं लिहिलंय." आई म्हणाली, "फाड तो कागद." मोठ्या मिनतवारीने तो वाचवला.

आता इथे मला घरातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. बाय या विषयाकडे टीव्ही बघून वळली असे आळीत म्हणतात, ते खरे नाही.

अलिबागच्या जमिनीला सोन्याचा भाव आल्यावर आमच्याकडे एक गृहस्थ एक कागद घेऊन आले. जुना साठेकरार, नोंदणी नसलेला. त्यात म्हटले होते, की आईने पुळणीकडची अकरा गुंठे वाडी विकायचे कबूल करून इसारापोटी रक्कम घेतली आहे. खाली निळ्या शाईत अंगठा. दादांचे पाय गळाले. वहिनींनी देव पाण्यात ठेवले. मी त्या कागदातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, चौदा निघाल्या, पण वकील म्हणाले त्यांचा उपयोग नाही. बाय तेव्हा दहावीला होती. माझे पोस्टाच्या तिकिटांचे भिंग घेऊन ती तासभर त्या अंगठ्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "आजी तर सही करते ना?"

करते! आमची आई चौथी पास आहे आणि त्याचा तिला जो अभिमान आहे तो पीएच. डी. वाल्यांना नसतो. अंगठा लावला असे म्हणणे म्हणजे तिला शिवी देण्यासारखे. आणि दुसरे. त्या कागदावरचा ठसा असा स्वच्छ, की रेघ न् रेघ मोजून घ्यावी, दिवाळीच्या रांगोळीसारखा. आईचा अंगठा रेशनच्या यंत्राला ओळखू येत नाही. पन्नास वर्षे सुपारी सोलून, राखेने भांडी घासून त्याच्या रेघा झिजून गेल्या आहेत. यंत्र प्रत्येक महिन्याला तिला परकी ठरवते आणि ती प्रत्येक महिन्याला यंत्राला नावे ठेवून फणी मोडल्यासारखी दहाही बोटे पुन्हापुन्हा दाबते.

"म्हणजे हा आजीचा नाही?" दादांनी विचारले होते.

"ते मला सांगता येणार नाही, बाबा," पंधरा वर्षांची बाय म्हणाली होती. "रेघा झिजतात तशा पुन्हा येतातही. ते सांगणारी माणसं असतात."

त्या माणसांकडे कागद गेला आहे. दावा चालू आहे. आम्ही तारखांना जातो आणि कोर्टासमोरच्या हॉटेलात मिसळ खाऊन परत येतो. पण तेव्हापासून बाय ठशांच्या मागे लागली. बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या अंमलदाराने १८५८ साली एका कंत्राटदाराच्या हाताचा पंजाच करारावर उमटवून घेतला, नंतर नाही म्हणू नये म्हणून. १८९७ साली कलकत्त्याला ठशांचा दफ्तरखाना निघाला. लाखो ठशांतून हवा तो शोधण्याची रीत बसवायचे मोठे काम अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी केले, आणि पद्धतीला नाव मिळाले त्यांचे साहेब हेन्री यांचे. हे ऐकून दादा प्रथमच त्या विषयावर मोकळेपणाने बोलले. "काम दोघांचं आणि नाव साहेबाचं," ते म्हणाले, "म्हणजे खातं पक्कं सरकारी आहे. नोकरी पर्मनंट असणार."

एका अर्जात 'हा विषय का निवडावासा वाटतो' यावर पाचशे शब्दांत लिहायचे होते. हे काम अर्थातच माझे. मी तीन रात्री जागून मसुदा केला. सुरुवात कौटिल्याने होती, मध्ये न्यायदेवतेच्या डोळ्यांवरच्या पट्टीवर एक रूपक होते आणि शेवटी सत्याचा सूर्य उगवत होता. बायने तो अदबीने वाचला, घडी करून पुस्तकात ठेवला आणि स्वतः लिहायला बसली. तिचे पहिले वाक्य असे होते: 'आमच्या घरी एक कागद आला. तो खरा की खोटा हे सांगू शकणारे घरात कोणी नव्हते.' पुढे तसेच सगळे. ना उपमा, ना सुभाषित. पाचशेऐवजी तीनशेच शब्द झाले. मला अजूनही माझाच मसुदा उजवा वाटतो.

प्रवेशपरीक्षा भर पावसाळ्यात, मुंबईत. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचा बंद असतात, तेव्हा मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला जाणारी रो-रो गाठायची ठरली. पहाटे मी आणि बाय निघालो, तर अंगणात दादा छत्री घेऊन उभे. "मला सुपारीचा भाव बघायचाय मुंबईत," ते म्हणाले. सुपारीचा भाव ते फोनवर विचारतात, हे आम्हा तिघांनाही माहीत होते. बोटीवर त्यांनी बायजवळची खुर्ची घेतली. अर्ध्या वाटेत पाऊस तिरपा आला, काचेपलीकडचे काही दिसेना, तेव्हा दादा समुद्राकडे बघत म्हणाले, "ते पाण्यातलं काय ते. डायटम. ते समज, आठ दिवसांनी सापडला तरी कळतं?"

"हाडात असलं तर पुष्कळदा कळतं, बाबा."

"हं," दादा म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी खिशातून चिक्कीचा पुडा काढून तिच्या हातात ठेवला.

गांधीनगरच्या यादीत तिचे नाव वाट बघणाऱ्यांत राहिले आणि मुंबईच्या यादीत लागले. आळीत मी पेढे वाटले. नानांनी पेढा खाऊन विचारले, "मग आता सी. ए. झाल्यावर प्रॅक्टिस अलिबागलाच का?"

गणपतीला बाय पहिल्यांदा घरी आली ती काळी शाई, काचेची पट्टी, रूळ आणि छापील तक्त्यांचा गठ्ठा घेऊनच. सरावासाठी दहा बोटांचे ठसे हवे होते. आरती झाल्यावर ओटीवर रांग लागली. माझी बोटे तिने एकेक करून खडूसारखी फिरवली. वहिनींनी मोदकाचे हात धुऊन दिले. नानांनी दोनदा दिले, पहिले त्यांना पसंत पडले नाहीत. दादांनी शर्टाच्या बाह्या वर करून, छातीचे माप देतात तसे ताठ उभे राहून दहाही बोटे दिली.

शेवटी बाय तक्ता घेऊन आईच्या खाटेपाशी गेली. आईने शाईकडे पाहिले, रुळाकडे पाहिले आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

"अंगठा नाही लावायची मी," ती म्हणाली. "पेन आण."

बायने पेन दिले. आईने चष्मा पुसला, तक्ता मांडीवर घेतला आणि दहा बोटांच्या दहा चौकोनांवरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आपले, नवऱ्याचे आणि घराण्याचे नाव काना-मात्रेसकट लिहून काढले.